धुतलेले फोटो

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावयास सांगितले तेव्हा अपेक्षा अशी होती की, मी दहावीच्या निकालावर बोलावे. निकालावर बोलण्याचा ज्यांना माझ्याहून अधिक अधिकार आहे अशी मंडळी व्यासपीठावर बसलेली आहेत. मी आज फोटोंविषयी बोलणार आहे. फोटो म्हणताच पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांचे हात आपोआप खिशाकडे गेले, ते मी पाहिले. त्या खिशातल्या फोटोंविषयी मला फारसे सांगावयाचे नाही. कागदावरचा, हातात धरता येणारा, ज्याच्या पाठीवर दोन ओळी लिहिता येतात, तो फोटो माझा विषय आहे. आणि हल्ली जगात फोटोंची जी प्रदर्शने भरतात, त्यांपैकी एक प्रदर्शन असे होते की, ते आपल्या या चिपळूण गावात आधीच माहीत झाले असते, तर माझ्या हातून एक चूक झाली नसती. त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

२२ जुलै २०२१ ची सकाळ येथे बसलेल्या कोणासही वर्णन करून सांगावयास नको. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांनी भिंतीवरच्या त्या वर्षीच्या खुणेच्या वर सामान चढविले आणि ते निर्धास्त झाले. वाशिष्ठीने ती खूण जुमानली नाही. आमच्या घरी फोटोंची पत्र्याची पेटी कपाटावर होती. कपाट आडवे झाले आणि पेटी पाण्यात गेली.

पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी मी ती पेटी उघडली. आत तीन अल्बम होते. मरहूम अब्बा १९८४ साली दम्मामला गेले, तेव्हापासूनचे फोटो त्यांत होते. आपल्या कोकणातील किती घरांत असे फोटो आहेत! मागे रंगविलेल्या पडद्यावरचा बगीचा, बाजूला स्टुलावर स्टुडिओवाल्याचाच टेलिफोन, आणि नव्या पँट-शर्टात उभा असलेला, गावाकडे कसे दिसेल याची काळजी करणारा आपला माणूस. त्या काळी पत्राबरोबर फोटो येई आणि कोणी गावी निघाला तर त्याच्याबरोबर आवाज भरलेली कॅसेट येई. घरातल्या मुलांना बाप माहीत असे तो एवढाच. मी स्वतः अब्बांना प्रथम ओळखले ते फोटोवरून. विमानतळावर त्यांनी मला उचलून घेतले तेव्हा मी रडू लागलो, असे अम्मी अजून सांगते. कारण फोटोतले अब्बा हसत होते आणि हे घामेजलेले होते.

तर ते तीन अल्बम चिखलाने भरलेले होते. पाने एकमेकांस चिकटलेली. एक पान ओढून पाहिले तर रंग बोटाला लागला. घरातल्या गाद्या, पुस्तके, धान्य, सर्वच रस्त्याच्या कडेला ढिगावर जात होते. मी ते अल्बमही उचलले आणि ढिगावर टाकले. अम्मी ओट्यावर बसून तांदळाचे डबे धूत होती. तिने विचारले, "काय टाकलंस रे?" मी म्हणालो, "चिखल."

संध्याकाळी डंपर आला आणि सर्व घेऊन गेला.

यानंतर काही महिन्यांनी मी एका रात्री जपानमधील एका गावाची हकीगत वाचली. ती वाचून मला जे वाटले ते सांगण्यापेक्षा ती हकीगतच सांगतो.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या पूर्व किनाऱ्याजवळ समुद्रात ९ तीव्रतेचा भूकंप झाला. पाठोपाठ त्सुनामी आली. अठरा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. मियागी प्रांतात यामामोतो नावाचे एक समुद्रकाठचे छोटे गाव आहे. घरेच्या घरे वाहून गेल्यावर मागे जो राडारोडा उरला, त्यात शोध घेणाऱ्यांना सर्वत्र एक वस्तू सापडू लागली. ती वस्तू म्हणजे फोटो. लग्नाचे, शाळेचे, म्हाताऱ्यांचे, पाळण्यातल्या पोरांचे. त्या किनाऱ्यावरील गावागावांतून लोकांनी हे फोटो वेचून शाळांच्या आणि सार्वजनिक इमारतींच्या सभागृहांत आणून ठेवले. ज्यांना प्रेतेही मोजवत नव्हती, त्यांना फोटो वेचण्याची बुद्धी कशी झाली, हा प्रश्न मला पडला. उत्तर साधे आहे. ज्याचे घर गेले, माणूस गेले, तो सभागृहात आला की पहिल्याने फोटोच शोधू लागे.

एकट्या यामामोतोमध्ये सुमारे साडेसात लाख फोटो गोळा झाले. हा आकडा लहान गावाचा आहे, मोठ्या शहराचा नव्हे. देशभरातून स्वयंसेवक आले, त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. त्यांनी हे फोटो धुतले. होय, पाण्याने धुतले. ट्रेमध्ये थंड स्वच्छ पाणी, मऊ ब्रश किंवा नुसती बोटे, आणि वाळविण्यासाठी दोरी व कपड्यांचे चिमटे. धुतलेल्या प्रत्येक फोटोचा कॅमेऱ्याने पुन्हा फोटो काढला, त्यास क्रमांक दिला, संगणकात नोंद केली आणि मूळ फोटो घरच्यांना शोधून परत देण्याचा उद्योग वर्षानुवर्षे चालविला. लाखो फोटो असे परत गेले. फुजीफिल्म या कंपनीनेही भिजलेले फोटो कसे धुवावे याची माहिती त्या वेळी लोकांना दिली आणि आपली माणसे कामास लावली.

आता आपल्या भाषेची गंमत पाहा. आपण पूर्वी म्हणत असू, "रोल धुवायला टाकलाय," "फोटो धुऊन आले का?" फोटो पाण्यातून जन्मतो हे आपल्या बोलीला माहीत होते. काळोख्या खोलीत तो रसायनाच्या पाण्यात उमटतो, हायपोच्या पाण्यात पक्का होतो आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुतला जातो. हे शेवटचे धुणे नीट झाले नाही, तर हायपो कागदात राहते आणि फोटो काही वर्षांनी पिवळा पडतो. म्हणजे जो कागद मुळातच तासभर पाण्यात राहून आलेला आहे, त्याला पाण्याचे भय नसते. भय असते ते ओले राहून कुजण्याचे. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा पातळ थर असतो. जिलेटिन होते प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून. पुराच्या घाण पाण्यातले जंतू ते खातात. ताजी मासळी उन्हात किती वेळ टिकते हे कोकणी माणसास सांगावयास नको; तोच न्याय येथे लावा. पहिल्या काही दिवसांत हात लावला तर फोटो वाचतो. आठवडे गेले की चित्र विरघळते. मी अल्बम उघडला तो तिसरा दिवस होता.

असो. यामामोतोचे स्वयंसेवक धूत असता पुष्कळ फोटो असे निघाले की, ज्यांत ओळखण्यासारखे काही उरलेच नव्हते. चेहऱ्याच्या जागी पांढरा-पिवळा ओघळ, एखादा खांदा, एखादी बाही, मागच्या खिडकीची चौकट. हे परत कोणाला देणार? टाकून द्यावेत असा विचार निघाला, पण टाकण्यास हात धजेना. तेव्हा मुनेमासा ताकाहाशी या तरुण छायाचित्रकाराने व त्याच्या सोबत्यांनी त्याच फोटोंचे प्रदर्शन भरविले. नाव ठेवले 'लॉस्ट अँड फाउंड', म्हणजे हरवले आणि गवसले. २०१२ साली ते टोकियोत मांडले गेले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत लॉस एंजेलिस व न्यूयॉर्क येथे, पुढे ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथेही गेले. छायाचित्राच्या खाली छायाचित्रकाराचे नाव नाही, कारण ते कोणा काकाने, मामाने, शेजाऱ्याने काढलेले. एकेका भिंतीवर ओळीने शेकडो फोटो, बोटभर अंतरावर दुसरा.

मी ते प्रदर्शन पाहिलेले नाही. त्या भिंतींची चित्रे पाहिली आहेत. खरे सांगतो, आरंभी मला ते पटले नाही. दुसऱ्याच्या घरातले, त्यातही बहुधा मेलेल्या माणसांचे फोटो परक्यांना दाखवावयाचे, आणि तेही परदेशी दिवाणखान्यासारख्या दालनांत? आपल्याकडे मयताच्या घरी आपण आवाज चढवून बोलतदेखील नाही. पण पुढे विचार करता असे दिसले की, त्या फोटोंत चेहरे राहिलेलेच नाहीत. पाहणाऱ्यास कोणाचे दर्शन होते? त्यास दिसतो तो कागद. लहान, चौकोनी, पांढऱ्या किनारीचा, कोपरा दुमडलेला. असाच कागद आपल्याही घरात आहे, हे त्यास आठवते. त्या मंडळींनी प्रदर्शनात गावासाठी मदतही गोळा केली. मला त्यांचा विचार आता योग्य वाटतो. पण माझी पहिली शंकाही मी मागे घेत नाही. घरचा फोटो भिंतीवर लावण्यापूर्वी घरच्यांस विचारले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही म्हणाल, सर, आता हे सर्व फोनमध्ये असते, पुरात भिजण्याचा प्रश्नच कोठे येतो? माझे फोनशी वैर नाही. यामामोतोच्या लोकांनीही संगणकाचाच आधार घेतला. नाही तर साडेसात लाखांतून आपल्या आजीचा फोटो कोणास मिळाला असता? पण फोन म्हणजे पेटी नव्हे. त्याच पुरात माझा फोनही गेला. माझ्या मुलाच्या पहिल्या वर्षाचे फोटो त्यात होते. त्यांतले काही परत मिळाले ते नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठविले होते म्हणून. आणि व्हॉट्सअॅप पाठविताना फोटो आवळून लहान करते, हे तो मोठा करून छापावयास गेल्यावर कळते. चेहरा पीठ चाळल्यासारखा दिसतो.

कोणी म्हणेल, फोटो आपोआप गुगलकडे जमा होतात. होतात खरे. परंतु तेथेही घरमालकाची मर्जी असते. १ जून २०२१ पासून, म्हणजे आपल्या पुराच्या आधीच्या महिन्यापासून, गुगलने फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली. पुढे २०२३ साली त्यांनी असाही नियम जाहीर केला की, दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकले जाऊ शकते. एखादा वारला आणि त्याचा पासवर्ड कोणास ठाऊक नसला, तर दोन वर्षे कशी जातात ते घरच्यांना समजतही नाही. पत्र्याच्या पेटीला पासवर्ड नव्हता. किल्ली हरवली तर सोनार नाही तर कुलूपवाला उघडून देत असे. ज्यांना इंटरनेटच्या जनकांपैकी एक मानतात त्या व्हिंट सर्फ यांनीच २०१५ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांच्या सभेत असा इशारा दिला की, आजचे संगणकातील साठे उद्याच्या यंत्रांना वाचता येतीलच असे नाही. जे फोटो खरोखर मोलाचे वाटतात ते छापून ठेवा. ज्याने घर बांधले तोच पायाकडे बोट दाखवितो, तेव्हा ऐकावे.

याचा अर्थ कागद अमर आहे असा नव्हे. तसे मी म्हणालो तर तुमच्याच घरचे अल्बम मला खोटे पाडतील. आजोबांच्या निकाहचा काळा-पांढरा फोटो अजून ठसठशीत दिसतो आणि अब्बांच्या वेळचा रंगीत फोटो तांबूस होऊन गेलेला असतो, हे तुम्ही पाहिले असेल. कारण असे की, काळ्या-पांढऱ्या फोटोत चित्र चांदीच्या कणांचे असते. खरी चांदी, दागिन्यातली. रंगीत फोटोत चांदी धुऊन जाते आणि मागे उरतात ते तीन रंग. त्या काळच्या कागदांत त्यांतला निळसर-हिरवट रंग पेटीच्या अंधारातही आधी उडे, आणि मग सारी मंडळी लग्नात मेंदीत बुडविल्यासारखी दिसू लागत. त्यातून भर म्हणून ते चिकट पानांचे अल्बम, ज्यांवर प्लॅस्टिकचा पापुद्रा ओढावयाचा. लग्नात आहेर म्हणून हे अल्बम पुष्कळ दिले गेले. तो चिकटा आणि ते प्लॅस्टिक फोटोला वर्षानुवर्षे खात राहतात. ज्यांच्या घरी असे अल्बम असतील त्यांनी ते फोटो हलक्या हाताने सोडवून साध्या कागदी पाकिटांत ठेवावेत. न सुटले तर ओढू नयेत; आहेत तसेच त्यांचा फोटो काढून घ्यावा. काचेला चिकटलेल्या फोटोचेही तेच.

आता प्रदर्शनांकडे पुन्हा येतो, कारण फोटो छापण्याची कला गेली अशी जी समजूत आहे ती प्रदर्शने पाहिल्यावर टिकत नाही. हल्ली मोठ्या प्रदर्शनांसाठी जे फोटो छापतात ते पुष्कळदा कापसाच्या जाड कागदावर, न उडणाऱ्या रंगद्रव्यांच्या शाईने. दालनात उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो. नवखा माणूस म्हणतो, दिवे का लावत नाहीत? दिवे न लावणे हाच त्या कागदाचा सांभाळ. आणि आणखी एक गोष्ट घडते. फोनवर आपण फोटो बोटाने सरकवितो. भिंतीवरचा फोटो सरकत नाही, आपल्याला सरकावे लागते. जवळ जावे लागते, पुन्हा मागे यावे लागते. लहान फोटोसमोर माणूस वाकतो.

दिल्लीच्या दयानिता सिंह यांचे नाव येथे घेतले पाहिजे. २०२२ साली त्यांना छायाचित्रणातील हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. त्यांनी फोटो भिंतीवर खिळ्याने ठोकून ठेवण्याचे सोडून दिले. उंच लाकडी चौकटी केल्या, दाराच्या पाखांसारख्या उघडतात आणि मिटतात; त्यांत फोटो ठेवावयाचे आणि मनास येईल तेव्हा त्यांची जागा बदलावयाची. या चौकटींना त्या संग्रहालय म्हणतात. २०१७ साली त्यांनी 'म्युझियम भवन' नावाची एक पेटी काढली. तीत नऊ छोट्या घडीच्या पुस्तिका आहेत. घडी उलगडून टेबलावर उभी केली की झाले प्रदर्शन, आणि मिटली की पुन्हा पेटीत. सरकारी दप्तरखान्यांतील कागदांच्या गठ्ठ्यांचे त्यांचे फोटो मला विशेष आवडतात. फडक्यात बांधलेले ते रुमाल पाहून आपल्या तहसील कचेरीची आठवण होते. पण त्यांनी ते असे टिपले आहेत की, त्या गाठोड्यांत कोणाची तरी जमीन, कोणाचा तरी वारसा बांधून ठेवला आहे, हे ध्यानी येते.

दुसरे उदाहरण शेजारच्या बांगला देशाचे. ढाक्यात छायाचित्रकार शहिदुल आलम यांच्या पुढाकाराने २००० साली 'छबी मेला' सुरू झाला. हा आशियातील नामवंत छायाचित्र महोत्सवांपैकी एक आहे. तेथे जगातले फोटो येतात, आणि ते दालनांत तर लावतातच, शिवाय सायकलरिक्षाच्या गाड्यांवर चढवून मोहल्ल्यामोहल्ल्यांतून फिरवितात. ज्या बाईला संग्रहालयाची पायरी चढावयास सवड नाही किंवा संकोच वाटतो, तिच्या दारात प्रदर्शन जाते. मला हे फार पटले. आपल्या गावात कलादालन नाही, ही तक्रार मग शिल्लक राहत नाही. शाळेचा हॉल आहे, ओटे आहेत, हातगाड्या तर आहेतच.

येथे एक प्रश्न काही वडीलधाऱ्यांच्या मनात येत असेल आणि तो रास्त आहे. घरात तसबिरी लावण्याविषयी आपल्या समाजात वेगवेगळी मते आहेत. त्या चर्चेत मी शिरत नाही. तो माझा अधिकार नव्हे. ज्यांच्या घरी भिंतीवर फोटो लावत नाहीत, त्यांच्याही पेटीत पासपोर्टचे फोटो असतात, हजच्या कागदपत्रांवरचे असतात, जहाजावर खलाशी असलेल्या आजोबांच्या नोकरीच्या पुस्तिकेवरचा असतो. मी म्हणतो ते त्या पेटीविषयी.

कारण फोटोच्या पुढच्या बाजूइतकीच त्याची पाठ बोलते, हे मला उशिरा कळले. माझ्या फुफी मुंब्र्याला राहतात. जपानची ती हकीगत वाचल्यानंतर मी त्यांना सहज फोनवर विचारले की, अब्बांचा एखादा फोटो तुमच्याकडे आहे का? त्या म्हणाल्या, "अरे, भाई नेहमी दोन कॉप्या काढायचा. एक भाभीला, एक मला." मी त्याच रविवारी गेलो. त्यांनी कपाटातून मिठाईचा डबा काढला. वरच फोटो होता: तोच बगीचा, तोच टेलिफोन, तेच अब्बा. आमच्या घरच्या फोटोच्या पाठीवर अब्बांनी फक्त लिहिले होते, 'दम्माम, ईद, १९८६.' फुफींच्या फोटोच्या पाठीवर निळ्या शाईत चार ओळी होत्या. 'फीचे पैसे अहमदभाईंबरोबर पाठविले आहेत. कोणी काही म्हणो, परीक्षेला बसायचे. निकाल लागला की शाळेच्या दारात फोटो काढून पाठव.'

अब्बा स्वतः सातवीपर्यंत शिकलेले. बहिणीला मॅट्रिकला बसविण्यावरून घरात काही वाद झाला होता, हे मला कधी कोणी सांगितले नव्हते. अम्मीलाही पुरते ठाऊक नव्हते. पस्तीस वर्षे ती गोष्ट एका मिठाईच्या डब्यात फोटोच्या पाठीवर होती. मी फुफींना विचारले, शाळेच्या दारातला तो फोटो काढला का? त्या हसल्या. म्हणाल्या, "काढला ना. पाठवला पण. तुझ्या अब्बाने तो परत गावी आणला होता, तुमच्याच अल्बममध्ये लावलेला."

म्हणजे तो मी ढिगावर टाकला.

फुफींना मी हे तेव्हा सांगितले नाही. गेल्या वर्षी सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी चहा टाकला.

आता जे प्रत्यक्ष करावयाचे ते सांगतो आणि थांबतो. पाऊस पुन्हा येणार आहे. वाशिष्ठी काही गाव सोडून जात नाही. फोटो भिजले तर टाकू नका. एकमेकांस चिकटून वाळू देऊ नका, कारण ओले असताना सुटतात आणि वाळले की सुटत नाहीत. अल्बम भिजला असेल तर आधी प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढा. मग थंड स्वच्छ पाण्यात बुडवून हलक्या हाताने चिखल काढा, पुढच्या बाजूस घासू नका, आणि चित्राची बाजू वर करून सावलीत पसरा किंवा कडेला चिमटा लावून टांगा. एका दिवसात काम उरकणार नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजच्या बर्फाच्या खणात ठेवा. तेथे जंतूंचे काम थांबते. वीज नसेल तर जवळच्या गावातील नातेवाइकाकडे पाठवा. घरच्या प्रिंटरवर छापलेले फोटो मात्र पाण्यात बुडवू नका, त्यांची शाई पसरू शकते. ते नुसते वाळवा. आणि वाचलेल्या प्रत्येक फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने, न दाबता, नाव, गाव आणि साल लिहा. बॉलपेन नको, त्याचा ठसा पुढे उमटतो. महत्त्वाच्या फोटोची दुसरी कॉपी काढून ती दुसऱ्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावी द्या. अब्बा ते कोणी न शिकविता करीत होते.

मुख्याध्यापकसाहेबांच्या परवानगीने येत्या जानेवारीत शाळेच्या हॉलमध्ये आपण एक प्रदर्शन भरवीत आहोत. प्रत्येक घरातून जास्तीत जास्त पाच फोटो घ्यावयाचे आहेत. भिंतीवर कॉपी लागेल. मूळ फोटो त्याच दिवशी तुमच्या हाती परत मिळेल. पाठीवर काही लिहिलेले असेल तर पाठीचीही कॉपी लावू, पण तुमची संमती असेल तरच. ज्या कुटुंबांस घरातील स्त्रियांचे फोटो द्यावयाचे नसतील त्यांनी ते आणू नयेत, कोणी कारण विचारणार नाही. भिजून खराब झालेले फोटोही आणावेत. ते विशेषेकरून आणावेत. नववीची मुले-मुली तुमच्याकडून नावे आणि साल विचारून लिहून घेतील, तेव्हा घरातील सर्वांत वयस्कर माणसास बरोबर आणावे, कारण फोटोतल्या तिसऱ्या माणसाचे नाव बहुधा त्यांनाच माहीत असते.

नोंदवही माझ्या टेबलावर आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तासभर बसेन. फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून आणावेत. रबर लावू नये, कडा कापल्या जातात.

खुदा हाफिज.